नवा प्रमुख आला म्हणून बुडती कार कंपनी सावरते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कार कंपनीच्या असेंब्ली शॉपमध्ये तुम्हाला नऊ वर्षं झाली. दोन वर्षांपासून विक्री घसरतेय, तिसरी शिफ्ट बंद झालीय आणि आता बाहेरून नवा प्रमुख आणलाय. ‘एवढी मोठी कंपनी एक माणूस खरंच वर काढू शकतो का? की हे लोक येतात, माणसं कमी करतात, दोन वर्षं ताळेबंद बरा दाखवतात आणि निघून जातात? मी थांबू की दुसरीकडे बघू?’

मी २८ वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत काढली, त्यातली शेवटची १२ प्लांट हेड म्हणून. कार कंपनीच्या पगारावर मी कधी नव्हतो. पण गिऱ्हाइकाची तब्येत सप्लायरला लवकर कळते. पेमेंट ४५ दिवसांवरून ९० वर गेलं, शेड्यूल दर सोमवारी बदलायला लागलं, खरेदी विभागातला ओळखीचा माणूस फोन उचलेनासा झाला, की पेपरात बातमी यायच्या बऱ्याच आधी आम्हाला अंदाज आलेला असतो. त्या बाजूने जे पाहिलं आणि बाहेरच्या देशांतली जी मोठी उदाहरणं बारकाईने वाचली, त्यावरून सांगतो.

आधी प्रश्न नीट मांडू. कार कंपनीचा तोटा ज्या वर्षी दिसतो, त्याचं मूळ त्या वर्षात नसतं. नवी गाडी कागदावरून रस्त्यावर यायला तीन-चार वर्षं लागतात. आज शोरूममध्ये जी गाडी पडून आहे, तिचा निर्णय आधीच्या साहेबांनी कधीच घेऊन ठेवलेला असतो. म्हणजे नवा प्रमुख कितीही हुशार असला तरी पहिली तीन वर्षं त्याला दुसऱ्याने ठरवलेल्या गाड्याच विकाव्या लागतात. मग त्याला लगेच हात घालता येईल अशा गोष्टी दोनच उरतात. हातातला पैसा किती दिवस पुरेल, आणि कारखान्यात खरं काय चाललंय ते त्याच्या टेबलावर किती लवकर पोचेल. यातली दुसरी गोष्ट पूर्णपणे वरच्या माणसाच्या हातात असते. खालच्या कुणाला ती घडवता येत नाही, कारण खरं बोलायची किंमत खालच्यालाच मोजावी लागते. तुमच्या प्रमुखाला मी याच एका मापाने मोजेन.

अमेरिकेतल्या फोर्डकडे बघा. २००६ साली कंपनीची अवस्था वाईट होती. त्या एका वर्षाचा तोटा १२ अब्ज डॉलरहून जास्त भरला. हेन्री फोर्ड यांचे पणतू बिल फोर्ड तेव्हा स्वतः सीईओ होते. त्यांनी मान्य केलं की हे आपल्याच्याने होत नाही, आणि सप्टेंबर २००६ मध्ये बोइंगच्या प्रवासी विमान विभागाचे प्रमुख ॲलन मुलाली यांना खुर्ची दिली. स्वतः अध्यक्ष म्हणून पाठीशी राहिले. माझ्या मते या कहाणीतलं पहिलं नेतृत्व बिल फोर्ड यांचं आहे. घराण्याचं नाव दारावर असताना खुर्ची सोडणं आणि नंतर नव्या माणसाच्या कामात लुडबुड न करणं, हे फार थोड्या मालकांना जमतं.

लक्षात घ्या, कारखाने बंद करायचा आणि माणसं कमी करायचा आराखडा मुलालींनी आणलेला नव्हता. तो जानेवारी २००६ मध्येच जाहीर झाला होता: १४ कारखाने बंद, ३०,००० पर्यंत नोकऱ्या कमी. मुलाली आले तेव्हा कागदावर योजना होतीच, तरी कंपनी खालीच चालली होती.

त्यांनी बदलली ती मीटिंग. दर गुरुवारी सकाळी जगभरातल्या सगळ्या विभागांचे प्रमुख एकत्र बसणार. प्रत्येकाने एकाच साच्यात आपले आकडे दाखवायचे. ठरल्याप्रमाणे चाललं असेल तर हिरवा रंग, घसरतंय पण उपाय हातात आहे तर पिवळा, अडलंय तर लाल. दर आठवड्याला तीच माणसं, तेच तक्ते. पहिले काही आठवडे सगळ्या स्लाइड हिरव्या आल्या. कंपनी अब्जावधी डॉलर गमावतेय आणि एकाच्याही विभागात काही बिघडलेलं नाही! मुलालींनी ते तसंच बोलून दाखवलं. शेवटी अमेरिका खंडांचा कारभार बघणारे मार्क फील्ड्स यांनी एक लाल स्लाइड दाखवली. कॅनडातल्या ओकव्हिल कारखान्यात फोर्ड एज ही नवी गाडी बाहेर पडायची होती, तिच्यात दोष सापडला होता आणि त्यांनी गाड्या थांबवून धरल्या होत्या. खोलीत शांतता पसरली. फील्ड्स यांची नोकरी गेली असंच बाकीच्यांना वाटलं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, यात मदत कोण करू शकेल? लगेच दोघा-तिघांनी हात वर केला. पुढच्या काही आठवड्यांत तक्त्यांवर लाल-पिवळे रंग दिसायला लागले. आणि ज्यांची नोकरी गेली असं वाटलं होतं, तेच फील्ड्स २०१४ मध्ये मुलालींनंतर सीईओ झाले.

हा प्रसंग मला एवढा का पटतो, ते माझ्या अनुभवातून सांगतो. मी क्वालिटी इन्चार्ज असतानाची गोष्ट. आम्ही दरवाजाच्या बिजागरीचा ब्रॅकेट प्रेसवर काढायचो. डायचा, म्हणजे पत्रा कापणाऱ्या साच्याचा, गाइड पिलर झिजला होता, त्यामुळे बोल्टचं भोक जागेवरून किंचित सरकायचं. डाय दुरुस्तीला पाठवायची तर आठ-नऊ दिवस डिस्पॅच थांबणार, आणि वरिष्ठांना थांबलेला डिस्पॅच हा शब्दच चालत नसे. मग रात्रपाळीत कंत्राटी पोरं कानस मारून ते भोक ओढून घ्यायची, रात्रीत हजार-बाराशे नग. सकाळच्या रिपोर्टवर सगळं ठीक. त्या रिपोर्टवर सही माझी होती. सहा आठवडे मी ती करत राहिलो, कारण आधी ज्याने खरं सांगितलं होतं त्याची बदली स्टोअरला झालेली मी पाहिली होती.

मग नवीन प्लांट हेड आले. पहिल्या दिवशी त्यांच्यासाठी कॉन्फरन्स रूममध्ये प्रेझेंटेशन ठेवलं होतं. ते आधी गेले लाइनच्या टोकाला, रिजेक्शनच्या लाल क्रेटपाशी. एक ब्रॅकेट उचलला आणि भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. शेजारच्या चांगल्या मालाच्या क्रेटमधला एक उचलला, त्यावरही अंगठा फिरवला. दोन्हीकडे कानशीचे ओरखडे. ‘हे कोण करतं?’ कुणी बोलेना. शेवटी एक ऑपरेटर म्हणाला, ‘साहेब, आम्हीच. रात्री.’ त्यांनी त्याचं नाव विचारलं, आभार मानले आणि तिथेच, आमच्यादेखत, गिऱ्हाइकाच्या क्वालिटीवाल्यांना फोन लावून सगळं सांगून टाकलं. डाय नऊ दिवस दुरुस्तीला गेली. डेबिट नोट, म्हणजे गिऱ्हाइकाचं नुकसानभरपाईचं बिल, आली, ती भरली. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, ‘यापुढे सही करायच्या आधी मला फोन कर.’ सहा महिन्यांत अशी वेळ आली की शिफ्ट सुरू होताना ऑपरेटर आपणहून खराब नग आणून टेबलावर ठेवायचे. यंत्रं तीच, माणसं तीच, पगारही तेच होते.

एका छोट्या प्रेस शॉपमध्ये जे होतं तेच लाखभर माणसांच्या कंपनीत होतं. फरक इतकाच की तिथे ब्रॅकेटच्या जागी अख्खी गाडी असते आणि कानशीच्या जागी स्लाइड.

आता पैशाकडे येऊ. खरं कळलं तरी दुरुस्तीला वेळ लागतो, आणि तो वेळ विकत घ्यावा लागतो. २००६ च्या अखेरीस फोर्डने बँका आणि गुंतवणूकदारांकडून २३ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम उभी केली. त्यासाठी कारखाने, कंपनीची जवळपास सगळी मालमत्ता, इतकंच काय, निळ्या लंबगोलातलं ‘फोर्ड’ हे बोधचिन्हसुद्धा तारण ठेवलं. आपल्याकडे घरातलं मंगळसूत्र गहाण ठेवावं तसंच ते. दोन वर्षांनी जगभर मंदी आली, कर्ज मिळेनासं झालं आणि जनरल मोटर्स आणि क्रायस्लर २००९ मध्ये दिवाळखोरीत गेल्या. फोर्ड त्या रस्त्याने गेली नाही. तारण ठेवलेलं ते चिन्ह २०१२ मध्ये सोडवून आणलं. (फोर्डने सरकारी मदत अजिबात घेतली नाही असं जे सर्रास म्हणतात ते अर्धवट आहे. दिवाळखोरीतून वाचवणारा निधी घेतला नाही हे खरं. पण २००९ मध्ये कमी इंधन पिणाऱ्या गाड्यांसाठी अमेरिकी ऊर्जा खात्याकडून ५.९ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर करून घेतलं होतं.)

उरलेली माणसं आणि पैसा एकाच नावावर लावायचा म्हणून बाकीचे ब्रँड विकले. २००७ मध्ये ॲस्टन मार्टिन, २०१० मध्ये व्होल्वो, आणि मधे जून २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर, जी २.३ अब्ज डॉलरला टाटा मोटर्सकडे आली. आमच्या पट्ट्यात त्या व्यवहाराची चर्चा चहाच्या टपरीवरसुद्धा होती. दुसरीकडे, युरोपातली फोकस आणि अमेरिकेतली फोकस या तोवर नावापुरत्याच एक होत्या. युरोपात २००४ मध्ये नवी पिढी आली तरी अमेरिकेत जुनाच सांगाडा चालू होता. सुटे भाग बनवणाऱ्याला विचारा याचा अर्थ काय: एकाच भागासाठी दोन डाय, दोन फिक्स्चर (भाग जागेवर पक्का धरणारी चौकट), दोन तपासण्या, आणि दोन्हीकडे नगांची संख्या निम्मी. पुढची फोकस जगभर एकच काढली गेली.

एका गोष्टीसाठी मुलालींबद्दल मला मनापासून आदर आहे. २००८ च्या अखेरीस तिन्ही कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी संसदेसमोर गेले, तेव्हा मुलालींनी प्रतिस्पर्ध्यांना मदत मिळावी अशी बाजू मांडली. कारण उघड होतं. तिघांचे बरेचसे पुरवठादार सामाईक होते. जनरल मोटर्स अचानक कोसळली असती तर ते पुरवठादार बुडाले असते आणि मग फोर्डची लाइनही थांबली असती. आपली गाडी हजारो लहान कारखान्यांच्या जिवावर उभी आहे हे ज्या प्रमुखाला कळतं, तो पुरवठादाराचे पैसे अडवून आपला ताळेबंद सजवत नाही.

आणि वेळेचा हिशोब बघा. मुलाली आल्यानंतर दोन वर्षांनी, २००८ मध्ये, फोर्डचा तोटा १४ अब्ज डॉलरच्या पुढे गेला. शेअर एक डॉलरच्या आसपास आला. त्या दिवशी कुणी निकाल दिला असता तर ‘नापास’ असाच दिला असता. २००९ मध्ये २.७ अब्ज डॉलर नफा झाला. म्हणून तुमच्या नव्या साहेबांकडून पहिल्या वर्षात नफ्याची अपेक्षा धरू नका, आणि पहिल्याच वर्षात नफा दिसला तर तो कुठून आला ते नीट तपासा.

तरी सगळं सुरळीत झालं असं नाही. मुलालींच्याच काळात आलेल्या त्या नव्या फोकस आणि फिएस्टाच्या दोन क्लचवाल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सने अमेरिकेत ग्राहकांना अतोनात त्रास दिला, आणि प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात चाललं. गुरुवारची मीटिंग असूनही हा दोष वेळेवर अडवला गेला नाही. चांगली सवयसुद्धा प्रत्येक कोपऱ्यात पोचतेच असं नसतं.

निस्सानचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं आहे. १९९९ मध्ये फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने या जपानी कंपनीत ३६.८ टक्के हिस्सा घेतला आणि कार्लोस घोन यांना टोकियोला पाठवलं. ऑक्टोबरमध्ये योजना आली: पाच कारखाने बंद, २१,००० नोकऱ्या कमी, पुरवठादारांची संख्या जवळपास निम्मी, खरेदीचा खर्च २० टक्के खाली. जपानमध्ये, जिथे पुरवठादार म्हणजे जवळजवळ घरचे मानले जात, तिथे हे भयंकर होतं. पण घोन यांनी दोन गोष्टी चांगल्या केल्या. उपाय शोधायला कंपनीतल्याच मधल्या फळीच्या लोकांच्या, वेगवेगळ्या विभागांतून मिसळलेल्या नऊ तुकड्या केल्या. आणि ठरलेल्या वर्षी नफा झाला नाही तर वरिष्ठांसह आपण राजीनामा देऊ असं जाहीर करून टाकलं. १९९९-२००० मध्ये ६८४ अब्ज येन तोटा होता, पुढच्याच वर्षी ३३१ अब्ज येन नफा झाला.

पण ही गोष्ट तिथे संपली नाही. पुढे विक्रीचं आणि बाजारातल्या वाट्याचं मोठं लक्ष्य ठेवलं गेलं आणि ते गाठायला अमेरिकेत भरमसाट सूट देऊन गाड्या विकल्या गेल्या. २०१७ मध्ये उघड झालं की जपानमधल्या कारखान्यांत अंतिम तपासणी पात्रता नसलेले लोक करत होते. ती सवय घोन यांच्याही आधीपासूनची होती. म्हणजे एवढ्या गाजलेल्या सावरण्यातही लाइनच्या टोकावरची ही गोष्ट वर पोचलीच नव्हती. २०१८ मध्ये घोन यांना आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपावरून अटक झाली. आणि २०२४-२५ मध्ये निस्सानला पुन्हा सुमारे ६७० अब्ज येन तोटा झाला. नव्या प्रमुखांनी पुन्हा २०,००० नोकऱ्या कमी करायची आणि १७ कारखान्यांचे १० करायची योजना मांडली. २५ वर्षांनी जवळपास तेच आकडे. एकाच माणसाच्या धाकावर आणि लक्ष्यावर उभं राहिलेलं सावरणं इतकंच टिकतं, असं मला यातून दिसतं.

परिस्थितीवर काय अवलंबून असतं तेही सांगायला हवं, कारण तुमची कंपनी कुठली, मालक कोण, कर्ज किती, यातलं मला काही माहीत नाही. फोर्ड घराण्याकडे मतदानाचे ४० टक्के हक्क होते, म्हणून वाईट तिमाहीनंतर प्रमुखाला हाकललं गेलं नाही. कर्ज काढायला मालमत्ता शिल्लक होती. अमेरिकेतही बनवता येण्यासारख्या चांगल्या गाड्या युरोपात तयार होत्या. यातलं काहीच नसेल तर मुलालींसारखा माणूसही फार काही करू शकला नसता.

आणि भारतातल्या कारखान्यात बसलेल्या माणसाने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मुख्यालयाचं सावरणं म्हणजे कधीकधी आपल्या गेटला कुलूप. जनरल मोटर्सने तोट्याच्या बाजारांतून पाय काढून घेतला तेव्हा २०१७ अखेर भारतातली विक्री थांबली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावची लाइन बंद झाली. फोर्डनेही सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं ठरवलं. फोर्डचा गुजरातमधल्या साणंदचा कारखाना पुढे टाटांनी घेतला, तळेगावचा ह्युंदाईने. जागेला नवा मालक मिळाला, पण मधल्या काळात तळेगावच्या ज्या घरांत पगार थांबला त्यातली काही घरं मी ओळखतो. कंपनीच्या दृष्टीने ते निर्णय बरोबरही असतील. तुम्ही ते कारखान्याच्या बाजूने बघायला हवेत.

आता तुम्हाला काय बघता येईल? भाषणं आणि टाउनहॉल सोडून द्या. तुमच्या शॉपमध्ये पहिल्यांदा कुणी मोठी वाईट बातमी वर सांगेल, त्या माणसाचं पुढच्या महिन्यात काय होतं ते बघा. त्याला मदत मिळाली, तर बाकीचे बोलू लागतील. त्याची बदली झाली, तर तुमच्याकडेही स्लाइड हिरव्याच येत राहणार.

मग कपात कुठे पडतेय ते बघा. कँटीन, प्रवास, शिफ्ट, अगदी माणसंसुद्धा कमी झाली तरी पुढच्या मॉडेलच्या टूलिंगच्या, म्हणजे नव्या डाय-फिक्स्चरच्या, ऑर्डर सुटत असतील, तर प्रमुख चौथ्या वर्षाचा विचार करतोय. टूलिंग थांबवून दाखवलेला नफा हा पेरणीचं बी विकून आलेला पैसा आहे. हे तुम्हाला आतून कळणार नसेल तर तुमच्या गेटवर माल उतरवायला येणाऱ्या सप्लायरच्या माणसाला विचारा: पेमेंट वेळेवर येतं का, आणि नव्या पार्टची चौकशी आली आहे का. तो एका वाक्यात सांगेल.

थांबायचं की नाही, हे मी तुमच्यासाठी ठरवू शकत नाही. घराचा हप्ता, मुलांची शाळा, शहर हे सगळं त्यात येतं. पण मी तुमच्या जागी असतो तर आधी गाडीचा सांगाडा जोडतात त्या बॉडी शॉपमध्ये चक्कर मारली असती. नव्या मॉडेलच्या फिक्स्चरसाठी फाउंडेशन खोदायला घेतलं असेल, तर दोन वर्षं तरी थांबलो असतो आणि त्या लाँच टीममध्ये नाव द्यायला सांगितलं असतं. पुढे कुठेही गेलात तरी तो अनुभव तुमच्यासोबत राहील. काहीच हालचाल नसेल तर बायोडेटा आजच नीट करा, मात्र रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. तुम्हाला नऊ वर्षं झाली आहेत. स्वेच्छानिवृत्तीच्या योजना येतात तेव्हा बहुतेक वेळा दहा वर्षं नोकरी किंवा वयाची चाळिशी पूर्ण असणं बघतात. तुमची दहा वर्षं कोणत्या तारखेला भरतात, ते नेमणुकीचं पत्र काढून आज रात्रीच बघून ठेवा.